इलेक्ट्रिक गाडी: पॅड जवळजवळ नवे, तरी ब्रेकच्या डिस्क बदलाव्या लागतात का?

प्रश्न

नमस्कार. माझी इलेक्ट्रिक गाडी साडेचार वर्षांची असून आजवर ३८,००० किलोमीटर चालली आहे. रोजचे अंतर थोडे, रस्ते बहुतेक सपाट, आणि रीजेन (मोटरनेच गाडी मंदावून ऊर्जा बॅटरीत परत घेण्याची सोय) मी पहिल्या दिवसापासून सर्वांत वरच्या पातळीवर ठेवलेले आहे. त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि ब्रेकच्या पेडलला दिवसातून चार-पाच वेळाच पाय लागतो. इलेक्ट्रिक गाडीला ब्रेकचा खर्च जवळजवळ नसतोच, असे गाडी घेताना मला सांगितले गेले होते, आणि पॅडपुरते, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणाऱ्या तुकड्यांपुरते, ते खरेही ठरले. नवे असताना १० मिलिमीटर असलेले मागचे पॅड आजही ८ मिलिमीटर आहेत.

असे असताना मागच्या आठवड्यातील सर्व्हिसिंगमध्ये मागच्या दोन्ही चाकांच्या डिस्क बदलाव्या लागतील, असे मला कळवण्यात आले. जाडी किती भरली, असे मी विचारले, तेव्हा ती मोजलेलीच नव्हती. "गंजल्या आहेत, दिसतेच आहे," एवढेच उत्तर मिळाले. चाकाच्या आऱ्यांमधून मी स्वतः डोकावून पाहिले, तर बाहेरच्या कडेला गंजाची अर्ध्या बोटाएवढी पट्टी आहे, पण बाकीचा पृष्ठभाग चकचकीत दिसतो. गाडी पावसात उभी राहिली की दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन ब्रेकना खरखर होते आणि मग ती जाते, याची मला सवय आहे. मात्र गेल्या दोन महिन्यांपासून गाडी अगदी थांबत येताना मागच्या डाव्या बाजूने, चाकाच्या फेऱ्याच्या तालावर, घस-घस असा आवाज येतो आणि तो दिवसभर टिकतो.

पॅड एवढे शिल्लक असताना डिस्क बाद कशी होऊ शकते? ती लेथवर घेऊन, म्हणजे यंत्रावर कातून सपाट करून, चालेल का? आणि बदललीच, तर आणखी चार वर्षांनी पुन्हा हीच पाळी येऊ नये म्हणून गाडी वेगळ्या रीतीने चालवावी लागेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

पॅड आणि डिस्क यांचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजण्याची सवय आपल्याला पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांनी लावली आहे. तिथे दोन्ही एकमेकांवर घासून झिजतात आणि दोन-तीन वेळा पॅड बदलले की डिस्कची पाळी येते. इलेक्ट्रिक गाडीत डिस्क झिजून जात नाही, ती पडून राहून जाते. मी ब्रेकचेच काम करतो, आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या ज्या डिस्क मी काढून टाकल्या आहेत त्यांतली क्वचितच एखादी किमान जाडीच्या खाली गेलेली होती. बाकी सगळ्या गंजाने गेल्या.

डिस्क करड्या बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, असते. त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो, म्हणून ते उष्णता चांगली वाहून नेते, कंपने गिळते आणि ओतायला सोपे व स्वस्त पडते. पण गंजापासून त्याला स्वतःचे असे काहीच संरक्षण नसते. पाणी लागले की काही तासांतच त्यावर नारिंगी साय धरते. सकाळची जी खरखर आपण सांगता, ती या सायीची, आणि ती पॅडने पुसली जाते तोवर तिच्यात चिंता करण्यासारखे काही नाही. पुसली गेली नाही तर मात्र गंज जाड होतो. त्याचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे तो फुगून खपली धरतो, आणि खपली निघाली की खाली खड्डा उरतो. आता त्या कडेच्या पट्टीचे पाहा. खपलीवर घासून पॅडचा तेवढाच भाग आधी खाल्ला जातो, त्यामुळे दाब उरलेल्या चकचकीत पट्ट्यावर येतो, कडेला पॅड टेकेनासा होतो आणि तिथला गंज निर्वेधपणे आत सरकत राहतो. अर्ध्या बोटाची पट्टी अशीच दोन बोटांची होते, आणि त्या टप्प्यानंतर नुसत्या ब्रेक दाबण्याने ती मागे हटत नाही.

आपण डिस्कची बाहेरची बाजू पाहिली आहे, ती सहसा सोज्वळ असते. मला आतली बाजू पाहायची आहे. तिच्यामागे धूळ अडवणारा पत्रा असतो, त्याच्या आणि डिस्कच्या मध्ये चिखल व ओल धरून राहते, आणि चाक काढल्याशिवाय किंवा गाडी वर घेतल्याशिवाय ती बाजू कुणाच्या नजरेस पडत नाही. त्यातून बहुतेक गाड्यांमध्ये ब्रेकचा मोठा वाटा पुढच्या चाकांकडे असल्याने मागच्या डिस्कच्या वाट्याला आधीच थोडे काम येते. रीजेनने तेही काढून घेतले की त्या केवळ हँडब्रेकपुरत्या उरतात.

चाकाच्या तालावर येणाऱ्या आवाजाबद्दल एक विचारतो. गाडी धुतल्यावर किंवा पावसातून आणल्यावर, हँडब्रेक लावून, बरेच दिवस उभी ठेवली होती का?

जाडी मात्र मोजून घ्याच. किमान जाडी डिस्कच्या मधल्या वाटीवर किंवा कडेवर कोरलेली असते. मोजायला मायक्रोमीटर लागतो. साधा व्हर्नियर लावला तर त्याचे जबडे कडेच्या न झिजलेल्या उंचवट्यावर टेकतात आणि डिस्क आहे त्याहून जाड दिसते. कडेपासून साधारण १० ते १५ मिलिमीटर आत, सारख्या अंतरावर आठ ठिकाणी मोजावे. या आठ आकड्यांमधला फरकही लिहून ठेवा, कारण एका फेऱ्यात जाडी ०.०२ मिलिमीटरने जरी बदलली तरी पेडलला थरथर जाणवू शकते. लोक तिला "डिस्क वाकडी झाली" म्हणतात. पुष्कळदा डिस्क वाकलेली नसते, तिची जाडी असमान झालेली असते.

प्रतिसाद २

मी थोडे वेगळे मत मांडतो. गंजाचे खड्डे डोळ्यांना दिसत असतील आणि आवाज दोन महिने टिकून असेल, तर मायक्रोमीटर आणून शतांश मिलिमीटरचा हिशेब करण्यापेक्षा दोन्ही डिस्क आणि चारही पॅड बदलून मोकळे व्हावे. चाके काढण्याची, कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा चिमटा) सोडवण्याची मेहनत मोजण्यासाठीही तेवढीच आणि बदलण्यासाठीही जवळपास तेवढीच असते. ब्रेक ही काटकसर करण्याची जागा नव्हे. लेथवर घेतलेली डिस्क पातळ होते, पातळ डिस्क लवकर तापते, आणि आपली गाडी बॅटरीमुळे त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा जड आहे हेही विसरू नये.

प्रतिसाद १

बदलण्याला माझा विरोध नाही. न मोजता बदलण्याला आहे. मोजण्यासाठी कॅलिपर उघडला म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना मोकळ्या आहेत का, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे जातो का, पॅड आपल्या खाचेत मोकळे आहेत का, हे हाताला कळते. एकाच बाजूची डिस्क अधिक बिघडली असेल तर मूळ दुखणे बहुधा तिथे असते, आणि ते तसेच ठेवून वर नवी डिस्क चढवली तर ती जुनीपेक्षाही लवकर जाईल.

प्रतिसाद ३

डिस्कच्या प्रकृतीबद्दल वर सविस्तर आले आहे, म्हणून मी चालवण्याच्या सवयीबद्दलच लिहितो, कारण आपला तिसरा प्रश्न त्याविषयी आहे आणि त्यात एक गैरसमज सर्रास आढळतो.

रीजेनमध्ये मोटर जनित्रासारखी उलट काम करते आणि गाडीची गतिज ऊर्जा बॅटरीत परत जाते. पण ब्रेकचे पेडल दाबल्यावर काय होते, हे सगळ्या गाड्यांत सारखे नाही. काही गाड्यांत, टेस्लाची मॉडेल ३ हे त्याचे ओळखीचे उदाहरण, रीजेन ॲक्सिलरेटरवरून पाय उचलण्याशी बांधलेले असते आणि पेडल दाबले की पॅडच डिस्कला धरतात. दुसऱ्या प्रकारात पेडल हे केवळ मागणी नोंदवते. संगणक आधी मोटरकडून मिळेल तेवढे मंदन घेतो आणि कमी पडेल तेवढेच पॅडकडून भरून काढतो. पोर्शची टायकन या प्रकारातली आहे, आणि रोजच्या वापरातले सुमारे ९० टक्के ब्रेकिंग त्या गाडीत पॅडना हातही न लावता होते, असे कंपनीच सांगते.

आता गैरसमज असा की रीजेनची पातळी सर्वांत खाली आणली म्हणजे पॅड काम करू लागतील. पहिल्या प्रकारच्या गाडीत, तशी सोय दिलेली असेल तर, ते खरे आहे. दुसऱ्या प्रकारच्या गाडीत त्या पातळीने फक्त पाय उचलल्यावरचे मंदन बदलते. पेडल हलके दाबले तर काम पुन्हा मोटरच करते आणि डिस्क जशीच्या तशी न घासलेली राहते. "मी रोज ब्रेक दाबतो, तरी गंज कसा?" असे विचारणारे बहुतेक जण या दुसऱ्या प्रकारचे गाडीमालक असतात.

अशा गाडीत पॅडना कामाला लावण्याचे खात्रीचे उपाय दोन. एक म्हणजे मोटरच्या आवाक्याबाहेरचा ब्रेक, अर्थात रस्ता मोकळा असताना घेतलेला बऱ्यापैकी जोराचा ब्रेक. दुसरा म्हणजे गाडी न्यूट्रलमध्ये टाकून घेतलेला ब्रेक, कारण न्यूट्रलमध्ये मोटर ऊर्जा परत घेत नाही. मात्र चालत्या गाडीत न्यूट्रल टाकण्याची पद्धत प्रत्येक गाडीत निराळी असते, म्हणून ती आधी मालकपुस्तिकेत पाहावी, आणि हा प्रयोग सरळ, सपाट, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नसतानाच करावा. काही गाड्या ठरावीक काळाने स्वतःहून पॅड वापरून डिस्क साफ करतात. आपली गाडी तसे करते का, तेही पुस्तिकेत सापडेल. याशिवाय बॅटरी पूर्ण भरलेली किंवा फार थंड असेल तेव्हा रीजेन आपोआप आखडते. १,८०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाला दर सेकंदाला २ मीटर प्रतिसेकंद या दराने मंद करायची, तर सुरुवातीला ८० किलोवॅट शक्ती कुठेतरी जिरवावी लागते, आणि भरलेली बॅटरी ती घेऊच शकत नाही. म्हणूनच इलेक्ट्रिक गाडीला, वापर कितीही कमी असला तरी, पूर्ण मापाच्या डिस्क द्याव्या लागतात.

किती ब्रेक घ्यावेत, याचा साधा हिशेब मांडतो. हीच गाडी ताशी ८० वरून पूर्ण थांबवली तर साधारण ४४४ किलोज्यूल उष्णता तयार होते. तिचा एक तृतीयांश भाग मागच्या दोन डिस्कमध्ये गेला असे धरले, तर एका डिस्कला ७४ किलोज्यूल मिळतात, आणि सहा किलोच्या बिडाच्या डिस्कचे तापमान तेवढ्याने सुमारे २५ अंशांनी वाढते. म्हणजे एखाद-दुसऱ्या ब्रेकने मागची डिस्क धड वाळतही नाही. आठवड्यातून एकदा पाच-सहा ब्रेक, लागोपाठ, केवळ पॅडच्या जोरावर घेतले तर डिस्क चांगली तापते, ओल जाते आणि साय पुसली जाते. एवढ्याने रीजेनची जी ऊर्जा बुडते ती किरकोळ आहे. तिच्या लोभाने ब्रेक निष्क्रिय ठेवणे हा उलटा हिशेब झाला. अर्थात एकदा खड्डे पडल्यावर हा उपाय करून फार काही हाती लागत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दुसऱ्या एका कार्यशाळेत चाके काढून, माझ्यासमोर मोजमाप करून घेतले. डिस्क भरीव आहेत. नव्याची जाडी १२ मिलिमीटर आणि डिस्कवर कोरलेली किमान जाडी १० मिलिमीटर आहे. उजवीकडे आठही ठिकाणी ११.७२ ते ११.७३ भरली. डावीकडे ती ११.६१ ते ११.६८ आहे. डावीकडची आतली बाजू पाहून मी थक्क झालो: बाहेरचा एक तृतीयांश भाग तपकिरी खड्ड्यांनी भरलेला आहे आणि एका ठिकाणी चक्क पॅडच्या आकाराचा ठसा उमटला आहे. खड्ड्यांची खोली कारागिराने ०.४ मिलिमीटरच्या आसपास सांगितली. आतला पॅड त्याला धरणाऱ्या कंसाच्या खाचेत इतका घट्ट बसला होता की तो हातोडीने ठोकून काढावा लागला. उजवीकडे आतल्या बाजूला नुसती कडेची पट्टी आहे, खड्डे जवळजवळ नाहीत.

उभ्या गाडीबद्दलचा आपला अंदाजही बरोबर निघाला. तीन महिन्यांपूर्वी बाहेरगावी जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी गाडी धुतली, जागेवर लावली, हँडब्रेक आपोआप लागला आणि पुढचे तीन आठवडे ती हलली नाही. परत आल्यावर पहिल्यांदा चालवताना मागून "टक्" असा मोठा आवाज झाला होता. तो मी विसरूनही गेलो होतो.

प्रतिसाद १

तो "टक्" म्हणजे गंजाने डिस्कला चिकटलेला पॅड सुटल्याचा आवाज. ओला पॅड डिस्कवर दाबून ठेवला की त्याच्याखालची ओल लवकर वाळत नाही आणि बरोबर पॅडच्या आकाराचा गंज धरतो. पुढे दर फेऱ्याला तो ठसा पॅडखाली आला की घस होते. जाडीतला ०.०७ मिलिमीटरचा फरकही त्याचाच.

आता लेथचे. केवळ आकड्यांवर गेलो तर दोन्ही डिस्क लेथवर घेता येतात: डाव्या डिस्कच्या आतल्या बाजूने खड्ड्यांच्या खाली जाईपर्यंत अर्धा मिलिमीटर आणि बाहेरच्या बाजूने जेमतेम ०.१ घेतला, तरी ती ११ मिलिमीटरच्या आसपास राहते, म्हणजे किमान जाडीच्या बरीच वर. प्रतिसाद २ मधील मित्रांची पातळपणाची भीती इथे लागू पडत नाही. इलेक्ट्रिक गाडीच्या डिस्कमध्ये जाडी सहसा भरपूर शिल्लक असते, म्हणून एरवी मी स्वतः लेथचाच सल्ला देतो, आणि कंपनीची पुस्तिका परवानगी देत असेल तर त्यात काही गैर नाही.

तरीही या डाव्या डिस्कला मी हात लावणार नाही. बिडात गंज पृष्ठभागावरच थांबत नाही, तो ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या कडेने आत शिरतो. खड्डे जुने आणि दाट असतील तर लेथवर घेतल्यावर पृष्ठभाग चकचकीत दिसतो, पण जागोजागी काळे ठिपके उरतात आणि पहिल्या पावसात गंज त्याच ठिपक्यांतून डोके वर काढतो. उजवी डिस्क मात्र मी निश्चिंतपणे लेथवर घेतली असती. पण एका आसावर एक नवी आणि एक जुनी डिस्क ठेवू नये, दोन्ही बाजूंची पकड सारखी असायला हवी. तेव्हा जोडीच बदला. पॅडही बदला, ८ मिलिमीटर असले तरी. ते जुन्या डिस्कच्या उंचसखल आकाराला बसलेले आहेत, नव्या सपाट डिस्कवर ते काठाकाठाने टेकतील. शिवाय गंज पॅडच्या पोलादी पाठीवरही चढतो आणि घर्षणाचा थर तिच्यापासून सुटू लागतो. आपल्या डाव्या पॅडची कड नखाने तपासून पाहा.

म्हणजे निष्कर्ष प्रतिसाद २ चाच निघाला, हे मी मान्य करतो. पण न मोजता नव्या डिस्क घातल्या असत्या तर तो अडकलेला पॅड जुन्या कंसात तसाच ठोकून बसवला गेला असता, ही शक्यता मला फार खरी वाटते.

प्रतिसाद ४

मी स्वतःच्या गाडीचे हे काम घरी केले आहे, म्हणून इलेक्ट्रिक गाडीत जे वेगळे आहे तेवढेच सांगतो. काम कुणाकडूनही करून घेतले तरी या गोष्टींवर लक्ष ठेवता येईल.

गाडी कुठेही जॅक लावून उचलू नये. खाली बॅटरीचा खोका आहे आणि त्यावर जॅक टेकला तर होणारे नुकसान डिस्कच्या खर्चाच्या पलीकडचे आहे. कंपनीने दाखवलेल्या जागांवरच उचलावी आणि मग स्टँडवर ठेवावी. हँडब्रेक विजेवर चालणारा असेल तर पडद्यावरील मेनूतून किंवा निदानयंत्राने तो आधी देखभालीच्या अवस्थेत न्यावा, म्हणजे मोटर पिस्टनला मागे घेते. हे न करता पिस्टन शिकंजाने दाबला तर आतली यंत्रणा तुटते. तसेच ज्या गाड्यांत पेडल आणि कॅलिपर यांच्यामध्ये विजेवर दाब तयार करणारी यंत्रणा असते, त्यांतल्या काही गाड्या नुसते दार उघडले तरी स्वतःची चाचणी म्हणून दाब निर्माण करतात. बोटे पॅडजवळ असताना हे व्हायला नको, म्हणून किल्ली दूर ठेवावी आणि पुस्तिकेत सांगितलेला क्रम मोडू नये.

जुनी डिस्क काढल्यावर हबचा (डिस्क ज्यावर बसते त्या चाकाच्या मध्यभागाचा) तोंडाकडचा भाग वायर ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करावा. या पायरीचा लोकांना कंटाळा येतो आणि नव्या डिस्कची थरथर बहुतेक वेळा इथेच जन्माला येते. हबवरचा गंजाचा एखादा कण डिस्कला किंचित तिरकी बसवतो, परिघावर तो तिरकेपणा वाढतो, आणि काही हजार किलोमीटरनंतर त्याचेच रूपांतर असमान जाडीत होते. डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) लावून पाहिले तर डिस्कचे डोलणे साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत असावे. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेची धरावी. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असेल तर ते ब्रेक क्लीनरने पुसावे. कंसातल्या खाचा घासून, पॅडखालच्या धातूच्या पट्ट्या नव्या घालून, पॅड बोटाने सरकतो इतका मोकळा करावा. घट्ट वाटला तर नवा पॅड कानशीने घासण्याआधी खाचेतला गंज शोधावा. सरकत्या पिनांना सिलिकोनचे किंवा कंपनीने सांगितलेलेच ग्रीस लावावे, कारण साध्या खनिज ग्रीसने ब्रेकमधले रबर फुगते.

त्याच वेळी ब्रेक ऑइलकडेही पाहून घ्या. ते हवेतली ओल ओढून घेते आणि हे वयाने होते, ब्रेक किती दाबला याच्याशी त्याचा संबंध नाही. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडे असताना किमान २३० अंश असावा लागतो, तर ३.७ टक्के पाणी शिरल्यावर किमान १५५ अंशच पुरतो. साडेचार वर्षांत ते एकदाही बदलले किंवा तपासले नसेल तर आता करावे.

प्रश्नकर्ता

आज दोन्ही डिस्क, पॅड, पट्ट्या आणि ब्रेक ऑइल बदलून घेतले. नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसावेत म्हणून काही वेगळे करावे लागते का? आणि बाजारात गंज न धरणाऱ्या, लेप दिलेल्या डिस्क मिळतात असे ऐकले. त्या घ्यायला हव्या होत्या का? मुळात मोटरसायकलसारख्या स्टेनलेस स्टीलच्या डिस्क गाडीला का देत नाहीत?

प्रतिसाद ३

पॅड डिस्कवर नीट बसवणे इलेक्ट्रिक गाडीत मुद्दाम करावे लागते, कारण नुसते चालवत राहिले तर पॅड महिनोन्‌महिने कोरेच राहतात. ताशी ६० वरून २० पर्यंत, मध्यम जोराने, आठ-दहा ब्रेक घ्यावेत आणि प्रत्येकाच्या मध्ये अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवून डिस्क निवू द्यावी. हे सर्व न्यूट्रलमध्ये किंवा रीजेन खरोखर बंद असतानाच करावे. डिस्क तापलेली असताना पेडल दाबून एका जागी उभे राहू नये, नाहीतर पॅडचा थर एकाच ठिकाणी चिकटतो आणि नव्या डिस्कवर नवा ठसा तयार होतो. शेवटी डिस्क निवल्यावरच गाडी लावावी.

बहुतेक लेपित डिस्कवरचा जस्ताचा राखाडी लेप पॅड फिरतो त्या पट्ट्यावरून पहिल्या काही ब्रेकमध्येच निघून जातो. तो वाटी, कडा आणि हबचा भाग वाचवतो, जो काही कमी फायदा नव्हे, पण आपले दुखणे जिथे होते तिथे तो नसतो. वायू-प्रक्रियेने पृष्ठभागात नायट्रोजन आणि कार्बन मुरवलेल्या डिस्कमध्ये कडक थर पट्ट्यावरही टिकतो, आणि इलेक्ट्रिक गाडीत झीज कमी असल्याने तो जास्त टिकतो. त्या मिळत असतील तर पुढच्या वेळी जरूर घ्या, मात्र त्या लेथवर घेऊ नका, कारण त्यावरचा थर अगदीच पातळ असतो. याहून वरचा प्रकार म्हणजे टंगस्टन कार्बाइडचा लेप. पोर्शने तो २०१७ मध्ये केयेनबरोबर आणला, पण तो अजून महागड्या गाड्यांचाच विषय आहे.

स्टेनलेस स्टीलचे म्हणाल, तर ते उष्णता बिडाच्या जेमतेम निम्म्याने वाहून नेते. दोनशे किलोच्या मोटरसायकलला ते परवडते; दोन टनांच्या गाडीच्या डिस्कवर त्यामुळे तप्त ठिपके पडतील आणि कर्कश आवाजही वाढेल. काही उत्पादकांनी निराळीच वाट धरली आहे. फोक्सवॅगनच्या आयडी.३ आणि आयडी.४ या गाड्यांना मागे चक्क ड्रम ब्रेक आहेत. ड्रम बंद डब्यासारखा असल्याने आतला पृष्ठभाग पाण्यापासून वाचतो, आणि क्वचित वापरायच्या ब्रेकला तेवढे पुरते. जुनाट म्हणून ज्याला नाके मुरडली गेली, तो ड्रम इथे मला डिस्कपेक्षा शहाणा पर्याय वाटतो. युरोपात वाहनांच्या प्रदूषणाच्या युरो ७ नियमांनुसार ब्रेकमधून उडणाऱ्या धुळीवरही मर्यादा येत आहे, बॅटरीवरील गाड्यांना किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम. २०२६ च्या नोव्हेंबरअखेरपासून नव्या प्रकारच्या गाड्यांना ती लागू होते. त्यामुळे कडक लेपाच्या डिस्क आणि बंदिस्त ब्रेक दोन्ही वाढतील, असा माझा अंदाज आहे.

प्रतिसाद १

देखभालीचे एक वेळापत्रक ठरवून टाका. वर्षातून एकदा चारही चाके काढून पिना आणि पॅडच्या खाचा साफ करून ग्रीस लावून घ्या. जिथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे टेस्लाही दरवर्षी किंवा २०,००० किलोमीटरला कॅलिपर साफ करून वंगण द्यायला सांगते; समुद्राजवळ राहणाऱ्यांनीही तोच नियम पाळावा असे माझे मत आहे. टायरची अदलाबदल करताना चाके निघतातच, तेव्हा आतली बाजू पाहायला दोन मिनिटे पुरतात. गाडी धुतल्यावर लगेच लावून ठेवू नका, एक फेरी मारून ब्रेक वाळवा. आणि बरेच दिवस उभी ठेवायची असेल, जागा सपाट असेल आणि गाडी तशी परवानगी देत असेल, तर चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळ्यांची उटी लावून हँडब्रेक सोडून ठेवा.

प्रश्नकर्ता

काल संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर सांगितल्याप्रमाणे दहा ब्रेक घेतले. माझी गाडी पेडल दाबल्यावरही आधी मोटरच वापरणाऱ्या प्रकारची आहे, हे मला चार वर्षांनी कळले. न्यूट्रलमध्ये पेडलचा स्पर्शच वेगळा, जरा कडक वाटला. आवाज पूर्ण गेला आहे. परतल्यावर चाकाजवळ हात नेऊन पाहिला, तर मागच्या चाकांतूनही ऊब येत होती, जी मला या गाडीत पूर्वी कधी जाणवली नव्हती. जुन्या डाव्या पॅडचा घर्षणाचा थर वरच्या कोपऱ्यात खरोखरच पाठीपासून सुटला होता. त्यात नख सहज जात होते.